साठ पौंडांचं घर, दहा पौंडांची मुंबई

माझा भाचा दोह्यात असतो. एसी दुरुस्तीच्या कामाला जाऊन त्याला आठ वर्षं झाली. मागच्या वर्षी त्याने बायकोला तिकडे न्यायचं ठरवलं आणि घर शोधायला सुरुवात केली. शुक्रवार हा त्याचा सुटीचा वार, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येई आणि प्रत्येक फोनवर घराचं एकेक नवं प्रकरण निघे. तोवर तो एका खोलीत पाचजणांबरोबर राहत होता. तिथे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. त्याला बेडस्पेस म्हणतात. एकट्या कामगारांनी कुटुंबवस्तीत राहू नये असा कायदाच कतारने २०१० साली केला आहे. कुटुंबासाठी घर हवं तर पगाराचा दाखला हवा, आणि मालकाला वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. चेक वटला नाही तर प्रकरण थेट फौजदारीत. बरं, एवढं सगळं असूनही एजंट फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा नव्हे. तो विचारतो, कुठल्या देशाचे?

"मामू, नोकरी लवकर मिळाली होती, घर मिळेना," भाचा म्हणाला. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. काही ठरावीक भाग सोडले तर परदेशी माणसाला तिथे घर घेता येत नाही, आणि त्या भागांतल्या किमती त्याच्या खिशाच्या नव्हेत.

मी त्याला म्हटलं, बेटा, चारशे वर्षांपूर्वी हेच गाऱ्हाणं घेऊन इंग्रज आपल्या नंदुरबारच्या रस्त्याने जात-येत होते. तो हसला. त्याला वाटलं, मामूने कविता केली. पण ही कविता नव्हे. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, बी.ए.ला तो एक विषय होता इतकंच. पण आपल्या गावावरून कोण कोण गेलं, हे वाचायची सवय तेव्हा लागली ती सुटली नाही.

सुरत ते बऱ्हाणपूर हा मोगलाईतला हमरस्ता होता. सुरतेहून बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, मग थाळनेर, चोपडा आणि बऱ्हाणपूर. तिथून पुढे आग्रा. ऐन-इ-अकबरीचा हवाला देऊन खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरने नंदुरबारचं जे वर्णन केलं आहे, त्यात किल्ला आहे, खरबुजं आहेत, द्राक्षं आहेत आणि चांगली घरंही आहेत. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० साली इथून गेला. त्याला इथे पुष्कळ कबरी, रंगमहाल, एक गढी आणि एक सुंदर तलाव दिसला. नंतर ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या आला. त्याने नवापूरबद्दल जे लिहिलंय ते नवापूरकरांनी खरं तर एसटी स्टँडवर रंगवून लावायला हवं. तो म्हणतो, गाव मोठं, विणकरांनी भरलेलं, पण मुख्य व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. इराणात कुणाला नजराणा पाठवायचा तर या तांदळाचं पोतं पाठवत.

या वाटेवर वालोड ते नवापूर हा टप्पा फार लांब पडायचा. मध्ये डोंगरी राजांचा मुलूख, काफिले लुटले जायचे. तेव्हा शहाजहानच्या मुलीने, बेगम साहिबा जहाँआराने, मधे एक सराई बांधून दिली. लोक त्या जागेला बेगमची सराई म्हणू लागले, असं ताव्हेर्निएच सांगतो. वाटसरू कुठला, कोणत्या धर्माचा, हे सराईत कुणी विचारत नसे. रात्र काढायची, जनावराला पाणी दाखवायचं, सकाळी चालू पडायचं.

पण सगळ्याच प्रवाशांच्या नशिबी ही सराई आणि ती खरबुजं नव्हती. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता. लोक उकिरडे उकरून दाणे शोधताना त्याने पाहिले, वाटेवर प्रेतं पाहिली. आणि आपल्या नंदुरबारात त्याला साधा तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणं कठीण झालं, इतकी माणसं मरून पडली होती. जागा मिळत नाही या वाक्याचा इतका भयंकर अर्थ मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

सराई ही एका रात्रीची सोय. व्यापाऱ्याचं त्यावर भागत नाही. जहाजं पावसाळा संपता संपता येत आणि वारा पाहून परत जात. जहाज आल्यावर कापड घ्यायला निघालं की भाव चढलेच म्हणून समजा. म्हणजे माल वर्षभर हळूहळू घेऊन ठेवायला हवा, विणकराला उचल द्यायला हवी. त्यासाठी कुलूप लागणारं दार हवं, हिशेबाच्या वह्या ठेवायला कोनाडा हवा, आणि त्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला झोपायला जागा हवी. अशा घराला आपण वखार म्हणतो. इंग्रज फॅक्टरी म्हणत. तिचा यंत्रांशी संबंध नाही. फॅक्टर म्हणजे अडत्या, आणि तो राहतो ती फॅक्टरी. दूर देशी आलेल्या नोकरांचं भाड्याचं घर, एवढाच मूळ अर्थ.

हे घर त्यांना सहज मिळालेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम हॉकिन्स १६०८ साली सुरतेत उतरला. बरोबर इंग्लंडच्या राजाचं पत्र. पण राहायला काय मिळालं, तर जकातघराच्या पहारेकऱ्याची खोली. पुढे हाच हॉकिन्स जहांगीरच्या दरबारात मनसबदार झाला, पण हिंदुस्थानातला त्याचा पहिला पत्ता म्हणजे पहारेकऱ्याची खोली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, माझं पहिलं घर पण तसंच होतं. वॉचमनच्या खोलीत आम्ही तिघं."

त्यानंतर सर टॉमस रो वकील म्हणून आला. १६१५ ते १६१९ तो इथे होता. बादशहाकडून कायमचा करार मिळवायचा म्हणून त्याने खूप खटपट केली. शेवटी १६१८ साली, अहमदाबादेत, शहजादा खुर्रमकडून त्याला सवलती मिळाल्या. सुरत खुर्रमच्या ताब्यात होती. हाच पुढचा शहाजहान. व्यापार करा, आपल्या धर्माप्रमाणे राहा, घर भाड्याने घ्या, असं ठरलं. पण घर विकत घेण्याची किंवा बांधण्याची परवानगी काही केल्या मिळाली नाही. शहरात हत्यार बाळगणाऱ्या इंग्रजांच्या संख्येवरही मर्यादा आली.

खुर्रम असा का वागला? तो काही परक्यांचा द्वेष करणारा नव्हता. सुरतेत तुर्क, इराणी, अर्मेनियन, हबशी, सगळे राहत होते. पण त्याच्यासमोर पोर्तुगीजांचं उदाहरण होतं. दीवला १५३५ साली त्यांना किल्ला बांधू दिला आणि दोन वर्षांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा त्यांच्याशी झालेल्या झटापटीत समुद्रात मारला गेला. फिरंग्याचं पक्कं घर म्हणजे उद्याचा बुरूज, हे सुरतेला ठाऊक होतं. आणि भीती अगदीच खोटी नव्हती. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सर जॉर्ज ऑक्झेंडेनने त्याच भाड्याच्या घरावर जहाजांवरून आणलेल्या तोफा चढवल्या. शहराचा मोगल सुभेदार किल्ल्यात लपला आणि भाडेकरू घर लढवत बसला.

एरवी मात्र या घरात काय चालत असे? मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन १६३८ साली सुरतेच्या वखारीत पाहुणा होता. त्याचं वर्णन वाचताना मला कुठल्याशा वसतिगृहाची आठवण येते. सकाळी सहाला प्रार्थना, रात्री आठला प्रार्थना, सगळ्यांचं एकत्र जेवण. बायकामुलं नाहीत. आणि एक गोष्ट तो लिहितो ती मी भाच्याला मुद्दाम वाचून दाखवली. इंग्रजांचा प्रेसिडेंट मेथवोल्ड आणि त्याचे तीन नातलग व्यापारी दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर खास एकत्र बसत. चौघांच्याही बायका इंग्लंडात राहिलेल्या. शुक्रवारी त्यांनी मायदेश सोडला होता, म्हणून त्या वारी आठवण काढायची आणि बायकांच्या नावाने पेला उचलायचा.

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग भाचा म्हणाला, "आम्ही चहा पितो. बाकी तेच."

आता भाड्याचं बोलू. ऑव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६९० साली आला. त्याने लिहून ठेवलंय की सुरतेतलं कंपनीचं घर चाळीस माणसांची सोय होईल एवढं होतं, ते मोगल बादशहाच्या मालकीचं होतं आणि भाडं वर्षाला सुमारे साठ पौंड ठरलं होतं. म्हणजे घरमालक औरंगजेब! आणि पुढचं ऐका. या साठ पौंडांतलं फारच थोडं मालकाच्या हाती पडे, कारण बहुतेक रक्कम घराच्या दुरुस्तीला आणि नव्या खोल्या बांधायला खर्च करण्याची त्याची परवानगी होती. औरंगजेबाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण गळक्या छपराची तक्रार घेऊन मालकाच्या दारी चार पावसाळे घातलेल्या कुणाही भाडेकरूला हे वाचून सुस्कारा सोडावासा वाटेल.

याच सुमाराची दुसरी भाडेपावती याहून गमतीची आहे. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळालं होतं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. ते सांभाळणं त्याला परवडेना, तेव्हा १६६८ साली त्याने ते कंपनीला देऊन टाकलं. भाडं वर्षाला दहा पौंड. सुरतेत एका घराचे साठ आणि इकडे अख्ख्या मुंबईचे दहा! फरक इतकाच की सुरतेत कंपनी दुसऱ्याच्या घरात राहत होती, हत्यारांची मोजदाद देत होती. मुंबईत ती स्वतः किल्लेदार होती. १६८७ साली तिने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं यात नवल नाही.

आपल्या गावाचं काय? गॅझेटियर सांगतं की १६६६ साली नंदुरबारात इंग्रजांची वखार होती, आणि १६७० मध्ये तर इथला व्यापार इतका चांगला चालला होता की अहमदाबादचे इंग्रज व्यापारी नंदुरबारला येऊन राहिले. अहमदाबाद सोडून नंदुरबार! आज आपली मुलं उलट्या दिशेने गाडीत बसतात. इथे त्यांना हवं होतं सुती कापड. म्हणजे आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी त्यांना घर दिलं असणार, कुणीतरी भाड्याची घासाघीस केली असणार, कुणीतरी शेजारणीने नाक मुरडलं असणार की हे लोक काय काय शिजवतात. कागदांत कापडाचे भाव आहेत, शेजारणी नाहीत. एवढी जागा मी कवीच्या हक्काने भरतो.

पुढची दीडशे वर्षं गावाला वाईट गेली. पेशवाईच्या शेवटच्या बेबंदशाहीत, १८०० नंतर, दुष्काळ, पेंढारी, लुटालूट यांनी खानदेश उजाड झाला. इंग्रजांच्या ताब्यात नंदुरबार आलं तेव्हा अर्धी घरं ओस होती. हे साल होतं १८१८. खुर्रमने ज्यांना सुरतेत एक घर विकत घेऊ दिलं नाही, त्यांच्या ताब्यात बरोबर दोनशे वर्षांनी सगळा खानदेश आला. त्यांना आता कुणाकडे घर मागायचं नव्हतं.

इतिहासाची ही बाजू सांगितली की काही मंडळी लगेच म्हणतात, बघा, म्हणूनच परक्याला थारा देऊ नये. मला हे पटत नाही; पण ते पूर्ण झटकूनही टाकता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने परवानगीशिवाय घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली कडक केला. त्यामागे शहादा-तळोद्याच्या शिवारातली मोठी लढाई होती. अंबरसिंग महाराज, श्रमिक संघटना, सावकारीत गेलेल्या जमिनी, हे सगळं आमच्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. मला धडगावात वावर विकत घेता येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तिथे मी, माझ्या हातात फक्त कवितेची वही असली तरी, कंपनीच्या बाजूला उभा असतो. विकणारा अडलेला आणि घेणारा सबळ असेल तर खुर्रमचाच नियम बरा.

पण प्रत्येक भाडेकरू ही कंपनी नसते. नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त मी एका मोठ्या शहरात गेलो. तिथे एका कविसंमेलनात माझी कविता झाली. खाली उतरल्यावर एक गृहस्थ भेटले, हात हातात घेऊन म्हणाले, फार सुंदर. गप्पांत कळलं की त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तसंच अगत्याने दुसऱ्या दिवशी बोलावलं. चहा झाला, खोल्या दाखवल्या, भाडं ठरलं. मग करारासाठी त्यांनी माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. संमेलनात सूत्रसंचालकाने माझं टोपणनावच घेतलं होतं. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "माझं काही नाही हो," ते म्हणाले, "पण वाड्यात वयस्कर मंडळी आहेत. मोठ्या भावाला विचारून सांगतो." भावाचं उत्तर अजून यायचंय. त्या गृहस्थांचा मला राग नाही. चहा खरोखरच चांगला होता. पण त्या दिवसानंतर मी कुठेही घर बघायला गेलो की आधी दारातच पूर्ण नाव सांगून टाकतो. दोघांचाही वेळ वाचतो.

आणि आपल्याकडची माणसं त्याच जुन्या रस्त्याने सुरतेकडे जातातच आहेत. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत फिरा. अहिराणी आणि मराठी कानावर पडेल. गिरणीत, मागावर, हिऱ्याच्या घंटीवर काम करता करता हजारो खानदेशी माणसं तिथे भाडेकरूची मालक झाली. काही मात्र भाडेकरूही होत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे निघतात. यान ब्रेमन हा डच अभ्यासक सत्तरच्या दशकापासून त्यांच्याबद्दल लिहितो आहे. साखर आधुनिक कारखान्यात तयार होते आणि ती तोडणारा माणूस उघड्या रानात कोपीत राहतो. चार बांबू, वर पाचट नाहीतर प्लास्टिक. गाळप संपलं की कोपी मोडायची आणि घरी यायचं. चारशे वर्षांपूर्वी या वाटेवर निदान बेगमची सराई होती.

भाच्याचं घर अखेर लागलं. एक केरळी कुटुंब गावी परत चाललं होतं, त्यांची जागा मिळाली. बारा चेक देऊन झाले. दोह्याच्या पैशांतून त्याने इथे नंदुरबारातही आईसाठी, म्हणजे माझ्या आपासाठी, घर बांधलं आहे. खाली आपा राहते, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या असं ठरलं. गेल्या जूनमध्ये एक जोडपं विचारायला आलं. मुलगी नर्स, इथल्याच दवाखान्यात, नवरा शिकवणीवर्गात शिकवतो. दोघं धडगावकडची. मुलीचे आईवडील दरवर्षी कोयता घेऊन बारडोलीला जातात, हे तिने स्वतःच सांगितलं. आपाने चहा दिला. नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाली, "मुलाला विचारून सांगते."

मी तिथेच बसलो होतो. ते वाक्य मी लगेच ओळखलं.

ती दोघं गेल्यावर मी आपाला विचारलं. ती म्हणाली, तशी चांगली आहेत रे, पण यांच्याकडे पाहुणे फार येतात, दोनाची दहा होतील, पाणी पुरायचं नाही. मी म्हटलं, तुझा मुलगा तिकडे एका खोलीत सहावा होता. ती चिडली. "त्याचं काढू नकोस. तो मजबुरीत होता." आमचं त्या दिवशी जरा जोरातच झालं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, तेव्हा तिने त्याला खरंच विचारलं. तो काय बोलला मला ठाऊक नाही. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, की अकरा महिन्यांचा करार करून टाक, दोन महिन्यांचं डिपॉझिट घे, आणि कागदावर लिही की पाणी सकाळीच भरायचं.

आता ती दोघं वर राहतात. आपाचं मन पुरतं निवळलंय असं मी म्हणणार नाही. रविवारी ती जिन्याखाली उभी राहून वरच्या दाराबाहेरच्या चपला मोजते आणि मला हिशेब देते. परवा म्हणाली, "आज दहा जोड होते."

मी म्हटलं, नऊ. दहावा माझा होता. चहाला बोलावलं होतं.